पावसाळ्यातली सर्दी: भिजणं, शाळा आणि विषाणूंचं वेळापत्रक

पुण्याच्या एका आईनं विचारलंय: मुलगा साडेचार वर्षांचा आहे. गेल्या वर्षी शाळेत घातल्यापासून जून ते सप्टेंबर दर तीन आठवड्यांनी सर्दी. एक जाते न जाते तोच दुसरी. सासूबाई म्हणतात पावसात भिजतो म्हणून होतं, नवरा म्हणतो प्रतिकारशक्ती कमी आहे, टॉनिक सुरू करू. न्यू जर्सीतली बहीण सांगते की तिच्याकडे हा त्रास थंडीत असतो आणि फ्लूची लस ऑक्टोबरात देतात. मग आपल्याकडे पावसातच का, आणि लस द्यायची तर कधी?

आधी थोडक्यात सांगतो. मुलाची प्रतिकारशक्ती बहुधा ठणठणीत आहे, ती सध्या कामाला लागलीय एवढंच. सासूबाईंच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, पण त्या समजतात तेवढं नाही. लस मात्र अमेरिकेच्या कॅलेंडरनं न देता आपल्या पावसाच्या कॅलेंडरनं द्यायची. आता सविस्तर.

आपण जिला सर्दी म्हणतो तो एक आजार नाही. नाक-घशाच्या अस्तराला त्रास देणारे दोनशेच्या आसपास विषाणू आहेत आणि त्या सगळ्यांचा परिणाम वरवर सारखाच दिसतो: घसा खवखवतो, शिंका येतात, नाक गळतं, मग चोंदतं, शेवटी खोकला मागे राहतो. यात सगळ्यात मोठा वाटा ऱ्हायनोव्हायरसचा. या एकट्याचेच १६० हून अधिक प्रकार माहीत आहेत. एका प्रकाराविरुद्ध शरीरानं प्रतिपिंडं तयार केली तरी ती दुसऱ्या प्रकाराला फारशी रोखत नाहीत. सर्दीवर लस का नाही, याचं मोठं कारण हेच. बाकीच्यांत पॅराइन्फ्लुएन्झा, ॲडिनोव्हायरस, आरएसव्ही (तान्ह्या मुलांच्या छातीला त्रास देणारा विषाणू), मेटान्यूमोव्हायरस, आणि हो, कोरोनाव्हायरससुद्धा. कोविडच्या आधीपासून चार कोरोनाव्हायरस माणसांत फिरतायत आणि साधी सर्दी देतायत, त्यांची कुणी कधी बातमी केली नाही.

आता तुमच्या मुलाचा हिशोब करू. शाळेत किंवा पाळणाघरात जाणाऱ्या लहान मुलाला वर्षाला सहा ते आठ सर्द्या होणं अगदी नेहमीचं आहे, काहींना दहा-बारासुद्धा होतात. मोठ्या माणसाला दोन-तीन होतात. मुलाची एक सर्दी पूर्ण निवळायला दहा-पंधरा दिवस लागू शकतात, आणि खोकला तर तीन आठवडेही रेंगाळतो. आठ सर्द्या गुणिले दहा दिवस म्हणजे वर्षातले ऐंशी दिवस. हे ऐंशी दिवस बारा महिन्यांत सारखे वाटले जात नाहीत, पावसाळ्यात आणि थंडीत दाटीवाटीनं येतात. त्यामुळे ‘एक संपते न संपते तोच दुसरी’ हे तुमचं वर्णन बरोबरच आहे, फक्त ते बहुतेक निरोगी मुलांचं वर्णन आहे. पहिलं मूल असलं की आई-बाप घाबरतात. दुसऱ्याच्या वेळी नाक पुसून शाळेत पाठवतात.

एक दिलासा असा, की जी मुलं पाळणाघरात लवकर जातात त्यांना सुरुवातीची वर्षं सर्द्या जास्त होतात, पण प्राथमिक शाळेत गेल्यावर ती घरी वाढलेल्या मुलांपेक्षा कमी आजारी पडतात. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉन इथं मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून हे पाहिलं गेलं. म्हणजे सर्द्यांची ही फेरी कधीतरी व्हायचीच असते.

प्रतिकारशक्ती खरंच कमी असेल तर चित्र वेगळं दिसतं. वर्षात दोनदा न्यूमोनिया, वजन न वाढणं, खोल गळवं वारंवार होणं, तोंडातला बुरशीचा थर महिनोन्महिने न जाणं, शिरेतून अँटिबायोटिक द्यावी लागतील असे संसर्ग पुन्हापुन्हा होणं. यातलं काही असेल तर जरूर तपासू. नुसतं नाक गळतंय आणि मूल दोन सर्द्यांच्या मध्ये खातंय, खेळतंय, वाढतंय, तर टॉनिकचे पैसे वाचवा.

आता भिजण्याकडे येऊ, कारण घरोघरी वाद याच्यावरच होतो.

इंग्लंडमध्ये सॉल्सबरी गावाजवळ १९४६ पासून सुमारे चार दशकं केवळ सर्दीवर संशोधन करणारं एक केंद्र चाललं. तिथं हजारो स्वयंसेवक येऊन राहिले. दहा दिवस जेवण-राहणं फुकट, थोडा हातखर्च, बदल्यात नाकात विषाणूचे थेंब टाकून घ्यायचे. तिथं थंडीचा प्रयोगही झाला: काही जणांना गरम पाण्यानं आंघोळ घालून ओल्या अंगानं वाऱ्याच्या बोळात उभं केलं, मग ओले मोजे घालून ठेवलं. नुसतं गारठवल्यानं कुणाला सर्दी झाली नाही. पुढे १९६८ मध्ये अमेरिकेत टेक्सासमध्ये स्वयंसेवकांना ऱ्हायनोव्हायरस देऊन गारठवून पाहिलं, तरी गारठलेल्यांना आणि न गारठलेल्यांना सर्दी सारखीच.

इथंच थांबलो तर सासूबाई हरल्या असं वाटेल. पण २००५ मध्ये वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठात १८० जण घेतले. निम्म्यांचे पाय वीस मिनिटं गार पाण्यात ठेवले, निम्म्यांचे रिकाम्या टबात. पुढच्या चार-पाच दिवसांत गार पाणीवाल्या ९० पैकी १३ जणांनी सर्दीची लक्षणं सांगितली, दुसऱ्या ९० पैकी ५ जणांनी. विषाणूची तपासणी त्यात नव्हती, लोकांनी स्वतः सांगितलेली लक्षणंच मोजली, म्हणून मी याला शेवटचा शब्द मानत नाही. पण यामागचं स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे. पाय गारठले की नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात, नाक आणखी थंड होतं. ऱ्हायनोव्हायरस ३३ अंश सेल्सियसच्या आसपास, म्हणजे नाकाच्याच तापमानाला, चांगला वाढतो, शरीराच्या ३७ अंशांना तितका नाही. येल विद्यापीठात २०१५ मध्ये उंदरांच्या श्वासमार्गाच्या पेशींवर काम झालं, त्यात दिसलं की थंड पेशी इंटरफेरॉनचा, म्हणजे विषाणू आल्याचं शेजारच्या पेशींना कळवणाऱ्या प्रथिनाचा, इशारा मंदपणे देतात. म्हणजे नाकात आधीच येऊन बसलेल्या विषाणूला गारठ्यामुळे थोडी मोकळीक मिळत असावी. पण विषाणू मुळात यायला हवा, आणि तो ढगातून येत नाही.

याचा सगळ्यात सुंदर पुरावा मला उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गेन बेटावरचा वाटतो. १९३० च्या सुमारास तिथल्या लाँगयिअरब्येन या खाणकामगारांच्या वस्तीत सर्दीच्या नोंदी ठेवल्या गेल्या. हिवाळ्यात समुद्र गोठायचा, बोटी बंद. त्या हाडं गोठवणाऱ्या महिन्यांत वस्तीतली सर्दी जवळजवळ नाहीशी व्हायची. उन्हाळ्याच्या तोंडाशी बर्फ वितळून पहिली बोट धक्क्याला लागली की काही दिवसांत गावभर शिंका. थंडी भरपूर होती, नवी माणसं नव्हती, म्हणून सर्दी नव्हती.

हे लक्षात घेतलं की जून महिन्याचं कोडं सुटायला लागतं. युरोप-अमेरिकेत ऱ्हायनोव्हायरसची मोठी लाट कडाक्याच्या थंडीत नसते, ती येते सप्टेंबरात. हवा तेव्हा बरी असते, पण उन्हाळी सुट्टी संपून शाळा उघडलेल्या असतात. दमा असलेल्या मुलांना त्याच सुमारास, शाळा उघडल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, सगळ्यात जास्त इस्पितळात यावं लागतं. कॅनडात आणि इंग्लंडमध्ये हे इतकं नेमानं दिसतं की डॉक्टर त्याची आधीच तयारी ठेवतात. तुमच्या बहिणीला म्हणावं, जानेवारीत तुझ्याकडे जे येतं त्यात फ्लू आणि आरएसव्हीचा हात मोठा, निव्वळ सर्दीचा हंगाम तुझ्याकडेही शाळेबरोबरच सुरू होतो.

आपल्याकडे शाळा उघडतात जूनच्या मध्याला. पाऊसही तेव्हाच येतो. दीड महिना आजोळी, गावी, वेगवेगळ्या घरांत विखुरलेली मुलं आपापल्या ठिकाणचे विषाणू घेऊन एका वर्गात चाळीस-चाळीसच्या संख्येनं बसतात, बाहेर पाऊस म्हणून खिडक्या बंद, मधल्या सुट्टीतही मैदानाऐवजी वर्गातच. व्हॅनमध्ये दहा जण, रिक्षाला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचे पडदे. मुंबईत लोकलच्या खिडक्या लावून घेतलेल्या. त्याच आठवड्यात मूल एकदा भिजून घरी येतं, तिसऱ्या दिवशी नाक गळतं, आणि दोष पावसाच्या माथी जातो. खरं तर विषाणू शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण एक ते तीन दिवस लागतात, त्यामुळे भिजलं त्या दिवसाआधी वर्गात शेजारी कोण शिंकत होतं हे विचारणं जास्त उपयोगाचं. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तिथल्या पालकांनी कॅलेंडरवर खूण करून बघावं, सर्दीची पहिली लाट पहिल्या पावसाबरोबर येते की शाळेच्या पहिल्या पंधरवड्यानंतर.

पावसाळी हवेचाही एक वाटा आहे, तो नाकारत नाही. ऱ्हायनोव्हायरसला बाहेरून चरबीचं आवरण नसतं, आणि असे विषाणू दमट हवेत चांगले तग धरतात. फ्लूच्या विषाणूला आवरण असतं आणि तो कोरड्या थंड हवेत जास्त टिकतो. थंड देशांत फ्लू हिवाळ्यातच का, याचं उत्तर यात बरंचसं मिळतं. पण मग मुंबईत ऐन पावसाळ्यात फ्लू का वाढतो? अनेक देशांच्या नोंदी एकत्र पाहिल्यावर असं दिसलं की फ्लूला दोन प्रकारचे हंगाम मानवतात: एक थंड-कोरडा, दुसरा दमट-पावसाळी. मधली हवा त्याला फारशी चालत नाही. पावसाळी हंगाम का मानवतो याची फोड अजून पूर्ण झालेली नाही. माझं मत विचाराल तर बंद खिडक्यांना मी हवेतल्या बाष्पापेक्षा जास्त गुण देईन.

देशातल्या देशातही हे वेळापत्रक बदलतं. श्रीनगरला फ्लू जानेवारी ते मार्चमध्ये, युरोपासारखा. मुंबई-पुण्याला मुख्य लाट जुलै ते सप्टेंबर, आणि बऱ्याच वर्षी जानेवारी-मार्चमध्ये दुसरी, लहान. चेन्नई-वेल्लोरला ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कारण त्यांचा खरा पाऊस तेव्हा. २००९ च्या स्वाइन फ्लूत देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला तो ऑगस्टमध्ये, हे पुणेकरांना विसरायला होणार नाही.

म्हणून लस. फ्लूची लस सर्दी थांबवत नाही, हे आधी मनात पक्कं करा, नाहीतर लसीनंतर पहिल्या शिंकेला तुम्ही मला फोन कराल. ती इन्फ्लुएन्झापासून, म्हणजे खऱ्या फ्लूपासून, विशेषतः त्याच्या गंभीर रूपापासून, वाचवते. तिचा परिणाम यायला दोन आठवडे लागतात आणि काही महिन्यांनी उतरायला लागतो. ऑक्टोबरात दिली तर पुण्यात पुढच्या ऑगस्टपर्यंत ती बरीच फिकी पडलेली असते. महाराष्ट्रात एप्रिल-मेमध्ये, फार तर जूनच्या सुरुवातीला, द्यावी. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीतले प्रकार ठरवते, दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरात आणि उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत. आपल्या पावसाळ्याआधी मिळणारी ताजी लस बहुतेक वेळा दक्षिण गोलार्धाची असते, तीच मागा. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना बालरोगतज्ज्ञ ती दरवर्षी सुचवतात. पहिल्यांदा घेताना नऊ वर्षांखालच्या मुलाला चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात, म्हणून एप्रिलच बरा. घरात आजी-आजोबा, गरोदर बाई किंवा दमा-मधुमेह असलेलं कुणी असेल तर त्यांनीही घ्यावी.

पुढचे महिनेही सांगून ठेवतो. गणपतीत घरं भरतात, पाहुणे येतात, आरतीला दाटी होते, तेव्हा आणखी एक उसळी ठरलेली. ऑक्टोबरात उन्हं तापली की बहुतेकांना आराम पडतो, पण काहींचं नाक तेव्हाच सुरू होतं. सकाळी उठल्याबरोबर ओळीनं शिंका, नाक-डोळ्यांना खाज, पाण्यासारखं नाक, ताप नाही, आणि हे आठवडेच्या आठवडे: ही ॲलर्जी. पावसाळ्यात गाद्या-उशांमध्ये धुळीतले सूक्ष्म किडे वाढलेले असतात, आणि पाऊस सरता सरता रस्त्याकडेचं गाजरगवत फुलतं. दिवाळीनंतरचा खोकला बऱ्याचदा धुराचा असतो. मग जानेवारी-फेब्रुवारीत दुसरा टप्पा. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा, आणि सुट्टी लागली की जादू झाल्यासारखी सर्दी जाते. लोक म्हणतात उन्हामुळे गेली. वर्ग रिकामे झाले हेही बघा.

औषधांबद्दल मी कडक आहे, आणि कारण आहे. अँटिबायोटिक सर्दीवर चालत नाही. शेंबूड हिरवा-पिवळा झाला तरी नाही. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या विकरांचा असतो, जंतूंचा पुरावा नव्हे. सर्दीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड घट्ट आणि पिवळट होणारच. दहा दिवस झाले तरी काहीच उतार नाही, किंवा बरं वाटून पुन्हा ताप चढला, तर सायनस किंवा कान तपासायला या.

खोकल्या-सर्दीची मिश्र सिरपं लहान मुलांना देऊ नका. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन (ॲलर्जीचं औषध) आणि फिनाइलेफ्रिन (नाक मोकळं करण्यासाठीचं औषध) यांचं मिश्रण चार वर्षांखाली वापरू नये अशी सूचना बाटलीवर छापायला लावली. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या सिरपमुळे वीसहून अधिक मुलं मूत्रपिंड निकामी होऊन दगावली. त्यातली बरीच उपचारांसाठी नागपूरला आणली होती. त्यानंतर केंद्रानं पुन्हा सांगितलं: दोन वर्षांखाली ही औषधं नकोतच, पाच वर्षांखाली सहसा नकोत. विष नसलेली सिरपंही मुलांच्या सर्दीत फार उपयोग करत नाहीत, ही त्यातली आणखी एक गोष्ट. पोटातून घ्यायचं फिनाइलेफ्रिन मोठ्यांचंही नाक मोकळं करत नाही, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीनं २०२३ मध्ये एकमतानं म्हटलं.

मग द्यायचं काय? नाकात मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे, थेंब, झोपण्याआधी आणि जेवणाआधी. ताप किंवा अंगदुखी असेल तर वजनाच्या हिशोबानं पॅरासिटामॉल. वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला रात्री झोपताना अर्धा चमचा मध, खोकल्याला तो बाजारातल्या सिरपाइतका तरी उपयोगी आहे. वर्षाच्या आत मध अजिबात नाही, बोट्युलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषानं स्नायू लुळे पडण्याचा, धोका असतो. सूप, पेज, वरणाचं पाणी, मूल घेईल ते. ताक-केळी बंद करायची गरज नाही. व्हिटॅमिन सी रोज घेणाऱ्या मुलांची सर्दी थोडी, साधारण १४ टक्क्यांनी, लवकर आटोपते, पण ती होणं काही कमी होत नाही. सर्दी सुरू झाल्यावर गोळ्या चघळून हाती काही लागत नाही. मोठ्यांसाठीचे नाक मोकळे करणारे थेंब चार-पाच दिवसांच्या वर वापरले तर नाक उलट जास्त चोंदतं आणि बाटलीची सवय लागते.

घरगुती उपायांत हळद-दूध, गवती चहा, आल्याचा काढा मुलाला आवडत असेल तर खुशाल द्या, बरं वाटणं हेही काम आहे. तीन गोष्टींना मात्र माझा सक्त विरोध. बाळाच्या छातीला किंवा नाकाला कापूर चोळणं, कारण कापरानं लहान मुलांना झटके येतात. बाळाच्या नाकात तेल-तूप सोडणं, कारण ते फुप्फुसात उतरून वेगळाच न्यूमोनिया करतं. आणि पातेल्यात उकळतं पाणी घेऊन मुलाला वाफारा देणं. वाफेचा फायदा सिद्ध झालेला नाही आणि मांडीवर पाणी सांडून भाजलेली मुलं प्रत्येक पावसाळ्यात येतात.

पसरणं कमी करायचं तर साबणानं हात धुणं, नाक-डोळ्यांना हात न लावणं आणि वर्गाच्या दोन समोरासमोरच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवणं. पालकसभेत हा खिडक्यांचा मुद्दा काढा. ताप असलेल्या मुलाला घरी ठेवा, नुसत्या गळत्या नाकाला ठेवू नका, नाहीतर शाळाच होणार नाही.

शेवटी, पावसाळ्यातला प्रत्येक ताप सर्दीचा नसतो. जोराचा ताप, डोळ्यांमागे दुखणं, अंग मोडून येणं, पण नाक कोरडं आणि खोकला नाही, तर डेंग्यू, मलेरिया आठवा. साचलेल्या पाण्यातून किंवा शेतातल्या चिखलातून चालणं झालं असेल तर लेप्टोसुद्धा (लेप्टोस्पायरोसिस, अशा पाण्यातून होणारा जंतुसंसर्ग), कोकणात आणि मुंबईत विशेषतः. अशा तापाला आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन देऊ नका, आणि दोन दिवसांत रक्त तपासा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला कुणालाही असला, घरातल्या मोलकरणीला किंवा रिक्षावाल्या काकांना असला तरी, क्षयरोगासाठी (टीबीसाठी) थुंकीची तपासणी करून घ्या, ती सरकारी दवाखान्यात मोफत होते.

सर्दीत मुलाचा श्वास मोजायला शिका. मूल शांत किंवा झोपलेलं असताना शर्ट वर करून पूर्ण एक मिनिट, घड्याळ बघून. दोन महिन्यांखालच्या बाळाचा ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त भरला, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असला, मूल पाणीही पीत नसलं, ओठ निळसर दिसले, तर रात्र असली तरी सकाळची वाट न बघता निघा.